लष्कराच्या भाकऱ्या आणि मुलींचे रान

१९१२ साली अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील सव्हाना शहरात एका मोकळ्या जागेभोवती कनातीसारखे जाड कापडी पडदे लावण्यात आले. आत शाळकरी मुली बास्केटबॉल खेळत. घोळदार विजारी घालून धावणाऱ्या, घामाघूम होणाऱ्या या मुली रस्त्याने जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या नजरेस पडू नयेत, म्हणून ही सोय होती. जागा ज्युलिएट गॉर्डन लो या बाईंच्या मालकीची. त्याच वर्षी १२ मार्चला त्यांनी १८ मुली जमवून जे काम सुरू केले, त्यातून पुढे ‘गर्ल स्काउट्स’ ही अमेरिकेतील मुलींची मोठी संघटना उभी राहिली.

आज त्याच देशात जून-जुलैच्या सुट्टीत गावोगावी मुलींची ‘डे कॅम्प’ भरतात. शब्द साधा आहे : दिवसाचे शिबिर. मुली सकाळी येतात, संध्याकाळी घरी जातात, आणि असे चार-पाच दिवस चालते. जागा म्हणजे एखादे सार्वजनिक उद्यान, राखीव वनाचा तुकडा किंवा तळ्याकाठचे कुरण. चूल पेटवायची, दोरीच्या गाठी मारायच्या, झाडे ओळखायची, आपली ताटे आपण धुवायची. पडदे कुठेच नसतात. हे सारे चालवणाऱ्या बाया कोण? मुलींच्या आया, मावश्या, उन्हाळ्यात मोकळ्या असलेल्या शिक्षिका, निवृत्त परिचारिका. त्यांच्यापैकी कोणालाही पगार मिळत नाही.

घरचे खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणे, असे आपण अशा कामाला म्हणतो आणि म्हणताना थोडे हसतोही. मुलींना मोकळे रान मिळाल्याचा इतिहास संस्थापकांच्या चरित्रांतून आणि संघटनांच्या स्थापनादिनांतून नेहमी सांगितला जातो. या लेखात तो भाकऱ्या भाजणाऱ्या बायकांच्या बाजूने पाहायचा आहे. मुलींचे रान या बायकांच्या बिनमोल वेळेवर उभे राहिले. जिथे हा वेळ होता तिथे ते टिकले, जिथे नव्हता तिथे ते आकसले किंवा मुळात आलेच नाही.

रमाबाईंनी पाहिलेली अमेरिका

अमेरिकन स्त्रियांच्या या श्रमाची ओळख मराठी वाचकाला सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी झालेली आहे. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी पंडिता रमाबाई १८८६ मध्ये अमेरिकेला गेल्या आणि पुढे दोन वर्षांहून अधिक काळ तिथे फिरल्या. १८८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ या पुस्तकात त्यांनी तिथल्या स्त्रियांच्या मंडळांविषयी आस्थेने लिहिले. मद्यपानबंदीसाठी झटणाऱ्या स्त्रियांच्या संघटनेशी आणि तिच्या नेत्या फ्रान्सेस विलर्ड यांच्याशी त्यांचा निकटचा संबंध आला. मतदानाचा अधिकार नसलेल्या बायका वर्गणी गोळा करतात, सभा घेतात, इतिवृत्त लिहितात, हिशेब ठेवतात आणि संस्था चालवतात, हे त्यांनी जवळून पाहिले.

त्या श्रमाचा काही भाग आपल्याकडेही पोचला. १८८७ च्या अखेरीस बोस्टनमध्ये रमाबाईंच्या कामासाठी मंडळ स्थापन झाले आणि शहरोशहरी छोटी ‘रमाबाई वर्तुळे’ निघाली. वर्षाला एक डॉलर, असे दहा वर्षे देण्याचे वचन सभासद देत. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत उघडलेल्या आणि नंतर पुण्यास हललेल्या शारदा सदनाला या डॉलरांचा आधार होता. असल्या वर्गण्या आपोआप जमत नाहीत. दारोदार जाऊन, पत्रे लिहून कोणीतरी त्या जमवत असते.

पुढच्या पिढीतील मुलींच्या शिबिरांना जे मनुष्यबळ मिळाले, ते अशा मंडळांत तयार झालेल्या बायकांचे. शिकलेल्या पण नोकरीची दारे बहुतांशी बंद असलेल्या मध्यमवर्गीय अमेरिकन स्त्रीला कर्तृत्व दाखवण्याची ही एक जागा होती. तिच्यातून पैसा मिळत नसे, पण सभेचे अध्यक्षपद मिळे.

चूल रानात नेण्याची युक्ती

अमेरिकेत सुट्टीतल्या शिबिरांची सुरुवात मुलग्यांपासून झाली. कनेटिकटमधील शाळाचालक फ्रेडरिक गन यांनी १८६१ मध्ये आपल्या विद्यार्थ्यांना समुद्रकाठी मुक्कामाला नेले. तिथल्या शिबिरांच्या इतिहासात हे पहिले पाऊल मानले जाते. १८८१ मध्ये न्यू हॅम्पशायरमधील तळ्याकाठी अर्नेस्ट बाल्च यांनी श्रीमंतांच्या मुलांसाठी शिबिर काढले. नोकरचाकरांच्या गराड्यात ही मुले मऊ पडत चालली आहेत, त्यांनी स्वतःची भांडी घासावीत, लाकडे फोडावीत, हा त्यामागचा विचार होता.

मुलींच्या बाबतीत हा युक्तिवाद उपयोगाचा नव्हता. त्यांनी मऊ राहावे हीच अपेक्षा होती, आणि भांडी तर त्या घरी घासतच होत्या. शिवाय डॉक्टरांचा विरोध होता. हार्वर्डशी संबंधित डॉक्टर एडवर्ड क्लार्क यांनी १८७३ च्या पुस्तकात मांडले की, वाढीच्या वयात मुलींनी मुलग्यांसारखा अभ्यासाचा ताण घेतला, तर त्यांच्या प्रजननक्षमतेवर परिणाम होतो. पुस्तकाच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या. अभ्यासाने जी मोडेल ती मुलगी डोंगर चढून कशी धड राहणार, ही शंका मग ओघानेच आली.

तरीही विसाव्या शतकाच्या तोंडावर काही शिक्षिकांनी मुलींची शिबिरे काढली. लॉरा मॅटून यांनी १९०२ मध्ये सुरू केलेले न्यू हॅम्पशायरचे केहॉन्का शिबिर हे त्यांतले नावाजलेले. पण ही शिबिरे खासगी आणि कित्येक आठवड्यांच्या मुक्कामाची होती. त्यांचा खर्च सामान्य घराला झेपणारा नव्हता.

१९१० मध्ये ल्यूथर गुलिक आणि शार्लट गुलिक या दांपत्याने ‘कॅम्प फायर गर्ल्स’ची कल्पना पुढे आणली. ल्यूथर गुलिक हे शारीरिक शिक्षणातील मोठे नाव. १८९१ मध्ये बास्केटबॉलचा जन्म झाला तो ते ज्या विभागाचे प्रमुख होते तिथे. मुलींच्या शिबिराला होणारा विरोध त्यांनी एका प्रतिमेने बोथट केला. त्यांची मांडणी अशी की, अग्नी राखणे हे आदिम काळापासूनचे स्त्रीचे काम. तेव्हा शेकोटीभोवती बसलेली मुलगी घर सोडून गेलेली नाही, ती मूळ घरात परतली आहे. चूल रानात नेली म्हणजे रान घर होते. युक्ती लागू पडली. पालकांना धीर आला आणि मुली मैलोन्‌मैल चालू लागल्या. त्या युक्तीची किंमत ही की, घरकाम हेच मुलीचे खरे काम, हा समज रानातही तिच्याबरोबर गेला.

आणखी एक किंमत तिसऱ्यांनीच मोजली. या मुलींचा समारंभाचा पोशाख मूळ अमेरिकी जमातींच्या पेहरावाच्या धर्तीवर बेतलेला असे. मण्यांच्या माळा, कपाळपट्टी, ‘इंडियन’ वाटणारे घडवलेले नाव. याच वर्षांत त्या जमातींच्या खऱ्या मुलांना कार्लाइलसारख्या सरकारी निवासी शाळांत नेऊन त्यांचे केस कापले जात, नावे बदलली जात आणि मातृभाषा बोलल्याबद्दल शिक्षा होई. गोऱ्या मुली सुट्टीपुरते जे अंगावर चढवत होत्या, ते या मुलांच्या अंगावरून उतरवले जात होते. डाकोटा जमातीतील डॉक्टर आणि लेखक चार्ल्स ईस्टमन यांनी १९१४ मध्ये स्काउट मुलांसाठी आणि कॅम्प फायर मुलींसाठी रानविद्येचे पुस्तक लिहिले आणि १९१५ पासून पत्नी एलेन यांच्यासह न्यू हॅम्पशायरमध्ये मुलींचे शिबिर चालवले. आपल्या लोकांचे ज्ञान खेळ म्हणून का होईना उरावे, यासाठी त्यांना त्याच मुलींच्या शेकोटीपाशी बसावे लागले.

मोत्यांची माळ आणि आठ इंच दोरी

ज्युलिएट लो यांची वाट वेगळी होती. १९०७ मध्ये ब्राउनसी बेटावर बेडन-पॉवेल यांनी मुलग्यांचे प्रायोगिक शिबिर घेतले आणि पुढच्या वर्षी त्यांचे पुस्तक निघाले. १९०९ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील स्काउट मेळाव्यात काही मुली आपणहून गणवेशासारखे कपडे करून दाखल झाल्या. त्यांना परत पाठवता येईना, तेव्हा बेडन-पॉवेल यांनी आपली बहीण ॲग्नेस हिच्याकडे ‘गर्ल गाइड्स’ म्हणून हे काम सोपवले. लो यांची बेडन-पॉवेलांशी ओळख झाली १९११ मध्ये. तेव्हा त्या पन्नाशीच्या होत्या. विधवा, निपुत्रिक, जवळजवळ बहिऱ्या आणि सुखवस्तू. स्कॉटलंडमध्ये आणि लंडनमध्ये गाइडची पथके चालवून पाहिल्यावर त्या सव्हानाला परतल्या.

१९१३ मध्ये त्यांच्या मुलींनी ‘गाइड’ऐवजी ‘स्काउट’ हे नाव घेतले. स्काउट म्हणजे पुढे जाऊन वाट काढणारा. मुलग्यांच्या अमेरिकन संघटनेचे प्रमुख जेम्स वेस्ट यांना हे मुळीच रुचले नाही. मुली स्वतःला स्काउट म्हणवू लागल्या तर मुलग्यांना त्या शब्दाचा अभिमान उरणार नाही, असे त्यांचे मत. नाव बदलावे म्हणून त्यांनी अनेक वर्षे प्रयत्न केले. लो बधल्या नाहीत.

वॉल्टर हॉक्सी या निसर्गअभ्यासकाच्या मदतीने त्यांनी त्याच वर्षी हस्तपुस्तिका काढली. तिच्यात रुग्णसेवा आणि स्वयंपाक आहे, तसेच तारायंत्र आणि वीजकामाचे पदकही आहे. आठ इंच दोरीने चोराला जखडून कसे ठेवावे, हेही त्यात सांगितले आहे. पडद्याआड खेळणाऱ्या मुलींच्या हाती हे पुस्तक होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या काळातली ओढाताण कळते.

संघटनेचा सुरुवातीचा खर्च लो यांनी स्वतः केला. १९१४ मध्ये पैसा अपुरा पडला तेव्हा त्यांनी आपली मोत्यांची माळ आठ हजार डॉलरना विकली. ही कथा तिथे प्रत्येक मुलीला सांगितली जाते आणि सांगण्यासारखी आहेच. परंतु माळ एकदाच विकता येते. दर आठवड्याला पथक जमवणाऱ्या, पावसात भिजणाऱ्या, पालकांच्या समजुती काढणाऱ्या बायकांचा वेळ वर्षानुवर्षे खर्च होत राहिला. त्याची नोंद आकड्यांत कुठे सापडत नाही.

मुक्काम आणि दिवस

पहिल्या महायुद्धानंतर संघटना झपाट्याने वाढली आणि तिला मोठमोठ्या देणग्या मिळू लागल्या. अतिश्रीमंत उद्योगपती विल्यम क्लार्क यांची आंद्रे ही मुलगी १९१९ मध्ये सतराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर मेंदूज्वराने गेली. तिच्या स्मरणार्थ आईवडिलांनी न्यूयॉर्क राज्यात १३५ एकर जमीन दिली आणि तिथे गर्ल स्काउट्सचे मुक्कामी शिबिर उभे राहिले. तळे, तंबू, प्रशिक्षित कर्मचारी, स्वयंपाकघर असे सगळे काही तिथे होते.

परंतु शहरातील कामकरी वस्तीतल्या मुलीला दोन आठवडे घराबाहेर पाठवणे अवघड होते. पैशाची अडचण होतीच. शिवाय मोठी मुलगी म्हणजे धाकट्यांना सांभाळणारी. ती रात्री घरी हवी. स्थलांतरित कुटुंबांना तर अनोळखी बायकांच्या भरवशावर मुलीला रात्रभर ठेवणे पटेना. ‘मुक्काम आहे का?’ हा प्रश्न आपल्याकडेही सहलीच्या चिठ्ठीवर सही करण्यापूर्वी विचारला जातो आणि त्याच्या उत्तरावर पुष्कळ मुलींची परवानगी ठरते.

दिवसाच्या शिबिराने हा प्रश्न सोडवला. त्याचे कूळ शोधू गेल्यास दोन चळवळी एकत्र आलेल्या दिसतात. एक रानातल्या शिबिरांची आणि दुसरी शहरांतल्या क्रीडांगणांची. १९०६ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन क्रीडांगण मंडळाचे पहिले अध्यक्ष तेच ल्यूथर गुलिक होते. याच सुमारास शहरांभोवतीची झाडी सार्वजनिक मालकीची करून राखण्याची कल्पना मूळ धरत होती. शिकागोभोवतीच्या कुक परगण्याची राखीव वने १९१६ पासून लोकांसाठी घेतली जाऊ लागली. ट्राम किंवा बसच्या अंतरावर सरकारी रान आले म्हणजे शिबिराचा सर्वांत मोठा खर्च, जमीन आणि इमारती, नाहीसा होतो. रात्रपाळीचे कर्मचारी लागत नाहीत, बिछाने लागत नाहीत. उरतो तो दिवसभराचा वेळ देणाऱ्या बायकांचा प्रश्न. १९३० च्या मंदीत, जेव्हा वर्गणीचे पैसे आटले, तेव्हा हे गणित अधिकच पटण्यासारखे झाले.

मंदीच्या काळात केंद्र सरकारनेही बेकार तरुणांकडून शहरांजवळच्या पडीक जमिनींवर झाडे लावून घेतली आणि मुलांच्या संस्थांना भाड्याने देण्यासाठी लाकडी छावण्या बांधल्या. देशात अशी ४६ क्षेत्रे तयार झाली. वॉशिंग्टनजवळच्या अशा एका वनात गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या छावण्या वेगवेगळ्या ठेवलेल्या होत्या. रान सार्वजनिक झाले होते, पण सर्वांचे झाले नव्हते.

नॅशव्हिलच्या जोसेफिनबाई

टेनेसी राज्यातील नॅशव्हिल शहरात जोसेफिन हॉलोवे या कृष्णवर्णीय पदवीधर तरुणीने १९२४ मध्ये गर्ल स्काउट्सचे प्रशिक्षण घेतले आणि बेथलेहेम सेंटर या समाजकेंद्रात काळ्या मुलींना जमवून काम सुरू केले. वर्ष संपेतो तीनशेवर मुली येऊ लागल्या. लग्नानंतर त्यांची नोकरी सुटली आणि हे कामही थांबले.

१९३३ मध्ये त्यांनी स्थानिक मंडळाकडे काळ्या मुलींच्या पथकाला अधिकृत मान्यता मागितली. राष्ट्रीय संघटनेचे दार कागदोपत्री सर्व मुलींना खुले होते, मात्र प्रवेशाचा निर्णय स्थानिक मंडळांवर सोडलेला होता. मंडळाने नकार दिला. वेगळ्या सोयींचा खर्च परवडणार नाही, हे कारण. हॉलोवेबाईंनी पतीकरवी शिकागोहून हस्तपुस्तिका मागवल्या आणि आपल्या मुलींना बरोबर घेऊन बिनमान्यतेचे पथक चालवले. त्यात शिकवायचे ते सगळे शिकवले. मान्यता आली ती १९४२ मध्ये. दोन वर्षांनी मंडळाने त्यांना पगारी नोकरी दिली. काळ्या मुलींसाठी शहराबाहेर उभे राहिलेले ‘कॅम्प हॉलोवे’ १९५५ मध्ये उघडले.

मधली नऊ वर्षे म्हणजे लष्कराने ज्यांना आपले मानायलाच नकार दिला, त्यांनी भाजलेल्या भाकऱ्या. स्वयंसेवा ही फावल्या वेळेच्या श्रीमंतीतून येते, हे पुष्कळदा खरे असते. हॉलोवेबाई त्या नियमाला अपवाद होत्या. असे अपवाद दुर्मिळ असतात, आणि त्यांच्या भरवशावर रान सर्व मुलींपर्यंत पोचेल असे धरून चालणाऱ्यांनी त्यांच्या नऊ वर्षांकडे पाहावे.

एका दिवसाचे कामकाज

दिवसाच्या शिबिराची घडी आता बऱ्यापैकी ठरून गेली आहे. सकाळी झेंडावंदन. मग वयाप्रमाणे गट. प्रत्येक गटाची मुक्रर जागा. एखाद्या झाडाखालचा तुकडा हेच त्या आठवड्याचे घर. कामाच्या पाळ्यांचा एक तक्ता टांगलेला असतो : आज लाकडे कोण आणणार, पाणी कोण भरणार, जागा कोण झाडणार. ओल्या गवतावर बसायला जुनी वर्तमानपत्रे मेणकापडात शिवून प्रत्येकीने आपले बसकर केलेले असते. जेवणानंतर तीन बादल्या : साबणाची, स्वच्छ पाण्याची आणि जंतुनाशकाची. धुतलेली ताटली जाळीच्या पिशवीत घालून दोरीवर वाळत टाकायची. पोहायला किंवा रानात जाताना जोडीदारीण ठरलेली. एकटीने कुठे जायचे नाही. भाजलेला गोड मार्शमेलो आणि चॉकलेट बिस्किटांत दाबून खाण्याचा जो प्रकार आता तिथे घरोघरी होतो, त्याची कृती छापील स्वरूपात आली ती १९२७ मध्ये, गर्ल स्काउट्सच्याच रानभटकंतीच्या पुस्तिकेत.

मोठ्या बायका शिबिरात खऱ्या नावाने वावरत नाहीत. कोणी ‘पाइन’, कोणी ‘बुलबुल’ अशा धर्तीची नावे घेतात. शेजारच्या काकू किंवा शाळेतल्या बाई त्या आठवड्यापुरत्या काकू आणि बाई राहत नाहीत, आणि मुलींना त्यांच्याशी वेगळ्या नात्याने बोलता येते. स्वयंसेविकांच्या तान्ह्या-तोकड्या मुलांसाठी आणि मुलग्यांसाठी बाजूला स्वतंत्र गट असतो; कारण आईला आठवडाभर उभे करायचे तर तिची इतर मुले कुठेतरी ठेवावी लागतात. तिच्या मुलीचे शुल्क बहुधा कमी असते. शिबिरात वाढलेल्या तेरा-चौदा वर्षांच्या मुली मदतनीस होतात आणि काही वर्षांनी त्यांतल्याच काही गट सांभाळतात. शिबिराला पुढची पिढी मिळते ती अशी, घरातल्यासारखी.

आता हिशेब मांडून पाहू. समजा शिबिर शंभर मुलींचे आहे, वीस बायका आहेत, रोज आठ तास, दिवस पाच. म्हणजे ८०० तास झाले. त्यात हिवाळ्यापासूनच्या बैठका, प्रथमोपचाराचे प्रशिक्षण, सामानाची खरेदी, उद्यानाच्या परवानग्या आणि शेवटची आवराआवर धरलेली नाही. याला बाजारभावाने पगार द्यायचा ठरवला, तर शुल्क कितीतरी पट वाढेल आणि ज्या मुलींसाठी दिवसाचे शिबिर निघाले, त्याच बाहेर राहतील. पगार न द्यायचा ठरवला, तर आठवडाभर मोकळ्या असणाऱ्या बायका जिथे राहतात तिथेच शिबिर होईल. दुकानात तासावर काम करणारी आई पाच दिवस देऊ शकत नाही. तिच्या वस्तीत वीस बायका जमत नाहीत आणि तिच्या मुलीचे रान तिथेच संपते. या पेचातून पूर्ण सुटका करणारा मार्ग शंभर वर्षांत सापडलेला नाही.

वेळ कोणाचा?

१९५० मध्ये अमेरिकेतील सुमारे एकतृतीयांश प्रौढ स्त्रिया कमावत्या होत्या. अठरा वर्षांखालील मुले असलेल्या आयांपैकी १९७५ मध्ये सुमारे ४७ टक्के नोकरी-उद्योगात होत्या, २००० च्या सुमारास ७० टक्क्यांहून अधिक. स्त्रीवादी चळवळीने याच काळात स्वयंसेवेकडे कठोर नजरेने पाहिले. ‘नॅशनल ऑर्गनायझेशन फॉर विमेन’ने १९७१ मध्ये ठराव केला की, व्यवस्था बदलण्यासाठी फुकट काम करणे वेगळे आणि व्यवस्थेची उणीव भरून काढणारी फुकट सेवा वेगळी, दुसऱ्या प्रकारात स्त्रियांचे शोषण होते. समाजशास्त्रज्ञ आर्लीन कॅप्लन डॅनिएल्स यांनी १९८० च्या दशकात स्वयंसेवी स्त्रियांच्या कामाला ‘अदृश्य कारकीर्द’ म्हटले आणि दाखवले की, सभा जुळवणे, माणसे सांभाळणे, पैसा उभा करणे हे कौशल्याचे काम आहे. केवळ त्याला वेतन नाही आणि ते बायका करतात म्हणून त्याला काम म्हटले जात नाही.

टीका खरी होती. तरी मुलींच्या शिबिराला ती जशीच्या तशी लावता येत नाही, असे मला वाटते. ज्या बायका या शिबिरांत राबल्या, त्यांनी आपल्या मुलींना जे दिले ते घरात, शाळेत किंवा देवळात मिळत नव्हते : कोणी पाहत नसताना धावण्याची, चाकू वापरण्याची, वाट चुकून पुन्हा शोधण्याची मुभा. ही सेवा व्यवस्थेची उणीव भरून काढणारी होती आणि हळूहळू ती व्यवस्था बदलणारीही होती. १९७२ च्या ‘टायटल नाइन’ कायद्याने शाळांतील खेळांत मुलींना समान संधी देणे बंधनकारक झाले. पडद्याआडच्या बास्केटबॉलपासून त्या कायद्यापर्यंत साठ वर्षे गेली, आणि त्या साठ वर्षांत मुलींचे धावणे हळूहळू नित्याचे होत गेले, त्यात या शिबिरांचा वाटा आहे.

बायकांचा मोकळा वेळ घटला त्याचा ताण सर्वत्र जाणवला. २००० नंतर गर्ल स्काउट्सने तीनशेहून अधिक स्थानिक मंडळे एकत्र करून त्यांची संख्या शंभराच्या थोडी वर आणली, आणि अनेक मंडळांनी जुनी मुक्कामी शिबिरे विकायला काढली. आयोवा आणि ओहायोमध्ये स्वयंसेविका याविरुद्ध न्यायालयात गेल्या. कायद्याने जमीन मंडळाची होती. बायकांचे म्हणणे होते की, आम्ही आणि आमच्या आयांनी तिथे जे घातले त्याचा मालकी हक्काच्या कागदात उल्लेख नसला, तरी ते घातलेले आहे. उद्यानात भरणारे दिवसाचे शिबिर मात्र विकता येत नाही, कारण त्याच्या नावावर जमीनच नसते. त्याच्याजवळ असतात ताडपत्र्या, बादल्या, सामानाच्या पेट्या आणि येणाऱ्या बायका.

आपल्याकडे

भारतात गाइडचे पहिले पथक १९११ मध्ये जबलपूरला निघाले. सुरुवातीला ते युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलींपुरते होते. भारतीय मुलींना प्रवेश मिळायला काही वर्षे जावी लागली. नॅशव्हिलची गोष्ट आपल्याला परकी वाटू नये, ती याकरता. स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये ‘भारत स्काउट्स अँड गाइड्स’ ही एकत्रित संघटना झाली आणि १९५१ मध्ये गर्ल गाइड्सची संस्था तिच्यात सामील झाली. जगभरच्या गाइड आणि गर्ल स्काउट मुलींचे चौथे जागतिक केंद्र ‘संगम’ १६ ऑक्टोबर १९६६ रोजी पुण्यात आळंदी रस्त्यावर उघडले. ज्या शहरात अमेरिकन बायकांच्या एकेका डॉलरवर शारदा सदन चालले, त्याच शहरात अनेक देशांच्या स्वयंसेविका अजूनही येऊन राहतात, काम करतात.

आपल्या शहरांत उन्हाळी शिबिरे आता भरपूर झाली आहेत. बहुतेक सशुल्क आणि पुष्कळशी चार भिंतींतली. मुलींना रानात नेणारी, परवडणारी, आणि आईला ‘मुक्काम आहे का?’ असे विचारायची गरज न ठेवणारी शिबिरे मात्र अजूनही कोणाच्या तरी पदरमोडीवर चालतात. एखाद्या शाळेतल्या बाई, एखादी ग्रंथपाल, एखादी बँकेतून निवृत्त झालेली कार्यकर्ती सुट्टीत मुलींना टेकडीवर नेते, शिधा आणते आणि त्याचा हिशेब वहीत लिहून ठेवते.

ज्युलिएट लो यांचे सव्हानातील जन्मघर १९५६ पासून लोकांना पाहण्यासाठी खुले आहे. गट सांभाळणाऱ्या बायकांची घरे कोणी राखणार नाही, तशी अपेक्षाही नाही. पण त्यांचे कागद राखता येतील. पाळ्यांचे तक्ते, शिध्याच्या याद्या, पालकांच्या संमतीच्या चिठ्ठ्या, हजेरीची वही, बसभाड्याच्या पावत्या. एखाद्या गावात कोणत्या मुली आल्या, कोणत्या दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत, कोणाचे शुल्क कोणी गुपचूप भरले, हे फक्त तिथेच सापडते. आपल्याकडच्या अशा वह्या आज कपाटांच्या तळाशी आहेत आणि त्या लिहिणाऱ्या बायका साठी-सत्तरीत आहेत. जिल्ह्याच्या ग्रंथालयांनी त्या मागून घ्याव्यात आणि त्यांच्याशी बोलून ठेवावे. पुढच्या दहा वर्षांत हे झाले नाही, तर महाराष्ट्रातील मुलींच्या मोकळ्या रानाचा इतिहास कोणाला लिहायचा झाल्यास त्याच्या हाती उद्घाटनांची छायाचित्रे तेवढी उरतील.